जुना ट्रॅक्टर आणि उताराची जमीन

सलग चार महिने मी जुने ट्रॅक्टर पाहत होते. त्यांतला तिसरा ट्रॅक्टर दिसायला सगळ्यांत चांगला होता. ४५ एचपीचे इंजिन, नवा रंग, पुढे भक्कम लोडर आणि मागे जवळजवळ कोरे टायर असा त्याचा थाट होता. विकणाऱ्या गृहस्थांनी तो आवारामागच्या चढावर झोकात नेऊन दाखवला आणि इंजिनाचा आवाज जराही खाली आला नाही. मी त्यांना विनंती केली की आता बकेट मातीने भरून हाच ट्रॅक्टर त्याच वाटेने, तोंड खाली करून, सावकाश उतरवून दाखवावा. पहिली काही पावले ठीक गेली. मग त्यांनी ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाके जागच्या जागी थांबली आणि ट्रॅक्टर मात्र थांबला नाही. न फिरणाऱ्या चाकांनिशी तो गवतावरून तसाच घसरत खाली येत राहिला आणि बकेट जमिनीला टेकवल्यावरच उभा राहिला. गृहस्थ म्हणाले, "गवत ओलं आहे हो." ते खरेच होते, पण माझ्या जमिनीवरचे गवतही वर्षातले कित्येक महिने ओलेच असते.

गवत कापणे आणि लोडरने खडी, माती, शेणखत हलवणे ही माझी दोन कामे आहेत, आणि दोन्ही उतारावरची आहेत. खरेदीला निघाले तेव्हा मी इतरांसारखाच विचार करत होते की चढ आहे म्हणजे एचपी जास्त हवेत. त्या दिवसानंतर मी प्रत्येक ट्रॅक्टरकडे एकाच प्रश्नाने पाहू लागले, की हा ओझे घेऊन खाली कसा येतो. चढताना इंजिन कमी पडले तर खालचा गिअर टाकता येतो, फेरी अर्ध्या ओझ्याची करता येते. उतरताना पकड कमी पडली तर करण्यासारखे फार थोडे उरते.

तो ट्रॅक्टर का घसरला हे मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. समजा, ट्रॅक्टर आणि मोकळा लोडर मिळून वजन १८०० किलो आहे आणि सपाटीवर ते पुढच्या आणि मागच्या आसांवर ९००-९०० किलो असे वाटलेले आहे. दोन्ही आसांतले अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७५ मीटर धरली, तर १५ अंशांच्या उतारावर तोंड खाली करून उभे राहताच जवळपास १९० किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या आसापासून १.३ मीटर पुढे बकेटमध्ये ४०० किलो खडी असेल, तर तरफेच्या नियमाने मागचा आणखी पावणेतीनशे ते तीनशे किलो भार उचलला जातो. ९०० किलोंतून मागच्या चाकांवर चारशेहूनही कमी उरतात, आणि ट्रॅक्टर व खडी मिळून २२०० किलोंना खाली ओढणारे बल मात्र सुमारे ५७० किलो वजनाइतके असते. चाकावर जेवढा भार, त्याहून जास्त पकड गवतावर मिळत नाही, उलट पुष्कळ कमी मिळते. मागच्याच चाकांना ब्रेक असलेला ट्रॅक्टर त्या स्थितीत थांबेल कसा? ब्रेकची पट्टी नवी असली तरी फरक पडत नाही, कारण चाके थांबलेलीच असतात.

आता त्याच ट्रॅक्टरला फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आस मागच्या आसाशी गिअरबॉक्समधूनच जोडला जातो, त्यामुळे मागच्या ब्रेकचा आणि इंजिनाचा अडवणारा जोर चारही चाकांपर्यंत पोहोचतो. मग ५७० किलोंचे बल अडवायला २१०० किलोंहून अधिक भाराची पकड हाताशी असते. फोर व्हील ड्राइव्ह चिखलातून बाहेर निघण्यासाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे आणि त्याचा दांडा उतारावर बंद ठेवला तर डिझेल वाचते असे सांगणारेही भेटतात. उतारावर लोडर वापरणाऱ्यासाठी तो दांडा म्हणजे पुढच्या चाकांचा ब्रेक आहे. म्हणून माझ्या यादीतून टू व्हील ड्राइव्हचे सगळे ट्रॅक्टर, कितीही स्वस्त आणि कितीही चांगले असले तरी, त्याच रात्री बाहेर गेले.

जमीन मोजण्याचे काम मी खरे तर ट्रॅक्टर शोधण्याआधीच करायला हवे होते. नजरेला उतार नेहमी चुकीचा दिसतो, खालून कमी आणि वरून जास्त. एक मीटर लांबीची सरळ फळी, तिच्यावर गवंड्याची पाणसळ आणि एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. फळीचे वरचे टोक जमिनीला टेकवायचे, फळी समतल करायची आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचे, की तोच उताराचा टक्का. २७ सेंटिमीटर आले तर उतार २७ टक्के, म्हणजे साधारण १५ अंश. ३६ आले तर साधारण २० अंश. टक्का आणि अंश यांची गल्लत मात्र करू नये, कारण १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, आणि बोलताना लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. माझ्या जमिनीचा मोठा भाग ८ ते १२ अंशांचा निघाला, एक पट्टा १५ ते १७ अंशांचा आणि ओढ्याकडचा कोपरा २४ अंशांचा. तो कोपरा मी त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या हिशेबातून काढून टाकला. तिथे हाताने चालवायचे यंत्र जाते, आणि एका कोपऱ्यासाठी मोठा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा ते परवडते.

अंश कळले तरी खड्डे आणि दगड त्यात धरलेले नसतात. मागच्या दोन चाकांतले अंतर १.३ मीटर असेल आणि वरच्या बाजूचे चाक १० सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले, तर ट्रॅक्टरचा कल साडेचार अंशांनी वाढतो. त्याच क्षणी खालचे चाक तेवढ्याच खोल खड्ड्यात गेले, तर आणखी तेवढाच वाढतो. म्हणजे १५ अंशांच्या उतारावर आडवा चालणारा ट्रॅक्टर एका निमिषापुरता २४ अंशांवर उभा असतो, आणि कापायचे गवत उंच असल्यामुळे दगडही दिसत नाही आणि खड्डाही नाही.

ट्रॅक्टरची रुंदी आणि उंची पाहण्याचे महत्त्व इथून सुरू होते. स्थिर उभ्या असलेल्या यंत्राचा पलटी होण्याचा कोन ढोबळमानाने चाकांतल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतो. १.३ मीटर रुंदी आणि ०.७५ मीटर उंची घेतली तर तो कोन ४१ अंशांच्या आसपास येतो. भरलेली बकेट वर उचलून गुरुत्वमध्य १ मीटरवर नेला, तर तोच कोन ३३ अंशांवर उतरतो. हे आकडे पाहून निर्धास्त होऊ नये, कारण ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका पिनेवर डोलतो आणि त्याचे डोलणे संपून तो अडणीला टेकेपर्यंत पुढची दोन चाके ट्रॅक्टरला आडवा आधार देत नाहीत. ट्रॅक्टर खरा तोलला जातो तो मागची दोन चाके आणि ती पिन या त्रिकोणावर. चार चाकांच्या गाडीची सवय असलेल्या माणसाला वाटते की चार कोपरे आहेत, पण असतात तीनच. शिवाय वळण, वेग, डचमळणारे ओझे हे सगळे त्या कोनातून वजा होत जाते. म्हणून आडव्या चालीसाठी मी स्वतःपुरती १२ अंशांची मर्यादा ठेवली आहे आणि त्यापुढे फक्त सरळ वर-खाली चालवते.

पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांच्या तबकड्या उलट्या बसवून किंवा रिमची कडी दुसऱ्या भोकांत घेऊन चाकांतले अंतर वाढवता येते. जुना ट्रॅक्टर पाहताना ती चाके कोणत्या स्थितीत बसवली आहेत आणि अजून किती बाहेर काढता येतील हे विचारावे. पिकांच्या ओळींत चालण्यासाठी आधीच्या मालकाने ती आत घेतलेली असतात आणि तसाच तो विकायला येतो. जपानमधून वापरून बाहेर गेलेले लहान ट्रॅक्टर अनेक देशांत मिळतात. यंत्र म्हणून ते टिकाऊ असतात, पण त्यांतले बरेचसे भातखाचरांसाठी घडवलेले असल्यामुळे अरुंद आणि जमिनीपासून उंच असतात, आणि अनेकांवर पलटी-संरक्षक चौकटच नसते. सपाट बागेसाठी ते खुशाल घ्यावेत, उतारासाठी मला ते नको वाटतात.

त्या चौकटीबद्दल तडजोड करू नये. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली, मागोमाग इतर देशांनी कायदे केले, आणि तरीही जुन्या बाजारात चौकट काढून टाकलेले ट्रॅक्टर आजही दिसतात, कारण ती झाडांच्या फांद्यांत किंवा गोठ्याच्या दारात अडकते. चौकट आहे पण सीटचा पट्टा नाही असा ट्रॅक्टर तर मी दोनदा पाहिला. पलटी होताना चालक चौकटीच्या आतच राहिला तर चौकटीचा उपयोग, नाहीतर तीच त्याच्या अंगावर येऊ शकते. घडी होणारी चौकट खाली पाडलेली असेल, तेव्हा मात्र पट्टा बांधू नये. घरी वेल्डिंग करून बनवलेली लोखंडी कमान ही चौकट नव्हे, ती सावलीचे छत टांगायला ठीक. मूळ उत्पादकाची किंवा प्रमाणित चौकट त्या मॉडेलला मिळते का, हे विचारल्याशिवाय मी पुढचे बोलणेच करत नव्हते.

गिअरबॉक्सचा प्रकार हा पुढचा वादाचा विषय. लोडरचे काम म्हणजे दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. साध्या गिअरबॉक्सवर ते क्लच खाते आणि डावा गुडघाही. शटल असेल, म्हणजे एका दांड्याने पुढची-मागची दिशा बदलता येत असेल, तर काम निम्मे हलके होते. हायड्रोस्टॅटिक असेल, म्हणजे गिअरऐवजी ऑइलच्या दाबाने चाके फिरत असतील, तर पाय सैल सोडताच ट्रॅक्टर मंदावतो आणि उतारावर हे फार सोयीचे वाटते, मात्र पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिळणारी ताकद त्यात थोडी कमी असते आणि दुरुस्ती महाग. मला दोन्ही चालणार होते. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे उतारावर गिअर किंवा रेंज (गिअरांचा संथ-वेगवान गट) बदलताना मध्ये येणारा न्यूट्रल. त्या क्षणी ट्रॅक्टर मोकळा धावू लागतो आणि पुन्हा दात बसत नाहीत. रेंज वरच निवडायची आणि खाली पोहोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

काही जुन्या गिअरबॉक्समध्ये हा मोकळेपणा बांधणीतच असतो. मॅसी फर्ग्युसन १३५ हा १९६४ पासून बनलेला, अजूनही हजारोंनी चालणारा ट्रॅक्टर आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्याच्या ज्या आवृत्तीत मल्टी-पॉवर ही चालता चालता वेग बदलण्याची सोय आहे, तिच्या 'लो' स्थितीत शक्ती एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमधून जाते. चढताना ती व्यवस्थित ओढते, उतरताना मात्र इंजिन चाकांना अडवतच नाही आणि ट्रॅक्टर सायकलसारखा सुटतो. जाणकार चालक उतरण्याआधी ते 'हाय'मध्ये घेतात आणि मुख्य गिअर खालचा ठेवतात. माहीत नसणाऱ्याला ते पहिल्याच उतारावर कळते.

पीटीओचीही अशीच एक जुनी खोड आहे. फोर्ड ८एन (१९४७ ते १९५२) किंवा त्याच्यासारख्या ट्रॅक्टरांत पीटीओ गिअरबॉक्सच्या मागून चालतो. क्लच दाबला की इंजिन सुटते, पण गवत कापणाऱ्या स्लॅशरची जड, वेगाने फिरणारी पाती आपल्या जोराने पीटीओला आणि त्यातून चाकांना फिरवत राहतात, म्हणजे अवजारच ट्रॅक्टरला पुढे ढकलते. सपाटीवर कुंपण मोडते, उतारावर काय होईल ते सांगायला नको. पीटीओच्या दांड्यावर एकदिश क्लच बसवला तर हे थांबते, तरीही अवजार थांबवल्याशिवाय ट्रॅक्टर थांबवता येतो असा स्वतंत्र पीटीओ असलेलाच ट्रॅक्टर गवतकापणीसाठी घ्यावा असे माझे मत आहे.

अवजाराबद्दल मी थोडक्यात सांगते. स्लॅशरसाठी रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर ५ एचपी हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ५ फुटी स्लॅशरला २५. इंजिनाचे एचपी आणि पीटीओचे एचपी यांत साधारण १० ते १५ टक्क्यांची तूट धरावी आणि चढावर स्वतःचे वजन ओढण्यासाठी थोडी शिल्लक ठेवावी. ३५ ते ४० एचपीमध्ये माझे काम भागते हे त्यावरून ठरले. उतारासाठी मला फ्लेल मोवर, म्हणजे आडव्या दांड्यावर लहान लहान पाती असलेले कापणीयंत्र, अधिक पसंत आहे, कारण तो मागच्या आसाला चिकटून बसतो, स्लॅशरसारखा मागे लांब लटकत नाही, आणि दगड फार दूर फेकत नाही. मोठ्या उतारावर मी रिव्हर्समध्ये वर जाते आणि तोंड खाली करून कापत उतरते. तोंड वर करून चढताना पुढची चाके उचलली गेली तर ट्रॅक्टर मागे उलटायला जो वेळ लागतो, त्यात माणसाचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही.

लोडरच्या बाबतीत विक्रेते एकच आकडा सांगतात, तो उचलण्याच्या क्षमतेचा. तो आकडा बहुधा बकेटच्या पिनांपाशी मोजलेला असतो. ओझे मात्र पिनांच्या पुढे असते, त्यामुळे हाती येणारी क्षमता त्याहून कमी असते. खडी घनमीटरला १६०० किलोंच्या आसपास भरते, म्हणजे ०.३ घनमीटरची बकेट शिगोशीग भरली तर खडीच ४८० किलो झाली, बकेटचे वजन वेगळे. लोडर ते उचलेलही. प्रश्न मागच्या चाकांचा आहे. मागच्या आसापासून १ मीटर मागे ३५० किलोंची वजनपेटी टांगली तर सपाटीवर मागच्या चाकांवर ५४० किलोंहून अधिक भार येतो, कारण तरफेमुळे पुढच्या आसाचाही काही भार ती मागे खेचते. पुढच्या आसाची झीज त्यामुळे कमी होते हा आणखी एक फायदा. चाकांना लावलेली वजने किंवा टायरांत भरलेले पाणी यांना तरफेचा लाभ मिळत नाही, पण ती खाली बसत असल्यामुळे पलटी होण्याची शक्यता कमी करतात. मध्यम आकाराच्या मागच्या एका टायरात तीन चतुर्थांशापर्यंत दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात आणि ट्यूब झिरपली की ते रिम खाते. म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या रिमवर व्हॉल्व्हच्या भोवतीचा रंग नखाने खरवडून पाहावा. एका ट्रॅक्टरला तिथे माझे नखच आत गेले.

टायरांच्या नक्षीबद्दल एवढेच म्हणते की बागेच्या हिरवळीसाठीचे गुळगुळीत टायर उतारावर उपयोगाचे नाहीत. खोल आणि तिरप्या गोट्यांचे, म्हणजे रबरी उंचवट्यांचे, शेतीचे टायर सर्वांत चांगले धरतात. लोडरसाठी येणारे जाड बाजूंचे औद्योगिक टायर काट्यांना दाद देत नाहीत, पण ओल्या गवतावर थोडे कमी धरतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या टायरांच्या मापांचे ठरलेले नाते असते. कोणी मागे वेगळ्या मापाचे टायर घातले असतील, तर दोन्ही आस एकमेकांशी भांडत राहतात आणि पुढच्या आसाचे गिअर झिजतात.

चौथा ट्रॅक्टर पाहायला मी एकटी गेले नाही. ओळखीतल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांना सोबत घेतले. इंजिन गार ठेवा असे मी आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते. काकांनी कोणाशी काही बोलण्याआधी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, चहाला ठेवता येईल एवढं गरम आहे." गार इंजिन सुरू होताना जे सांगते ते गरम इंजिन सांगत नाही. आम्ही दोन तास तिथेच थांबलो. गार झाल्यावर तो बऱ्याच वेळाने सुरू झाला आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर बराच वेळ निघत राहिला. न जळलेले डिझेल असे दिसते. निळा धूर असता तर ऑइल जळते असे समजलो असतो, आणि भाराखाली काळा असता तर पंप किंवा हवेची गाळणी. तो ट्रॅक्टर तिथेच राहिला.

पाचव्यापाशी आम्ही अर्धा दिवस घालवला. तासांच्या घड्याळात २४०० तास दिसत होते. जुन्या यांत्रिक घड्याळात तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात, त्यामुळे संथ चालवलेल्या यंत्राचे खरे तास जास्त असतात. म्हणून काकांनी घड्याळ सोडून ब्रेकच्या पेडलचे रबर पाहिले. ते एका बाजूने झिजलेले होते, पण गुळगुळीत नव्हते. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्यावर हात धरला, वाफेचा जोर नव्हता. हायड्रॉलिकचे ऑइल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरले. ते दुधाळ असते तर आत पाणी शिरले असे समजायचे होते, पण स्वच्छ होते. मग लोडर उचलून इंजिन बंद केले, दांड्यावर खडूने रेघ मारली आणि पंधरा मिनिटे गप्पा मारल्या. रेघ बोटभर खाली आली होती, ती काकांना चालण्यासारखी वाटली.

लोडर खाली दाबून पुढची चाके हवेत उचलली, तेव्हा खरा दोष सापडला. काकांनी एक चाक वरून आणि खालून धरून हलवले. ते किंगपिनपाशी, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळते तिथे, स्पष्ट खडखडले. मग त्यांनी पहार आसाखाली घालून मधल्या पिनेचा खेळ पाहिला, तोही पाच-सहा मिलिमीटर निघाला. मागे वजन न लावता लोडर चालवल्याची ती खूण आहे, आणि लोडर असलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवर ती थोडीफार सापडतेच. महत्त्वाचे हे की पिन आणि बुश बदलता येतात, आसाचे घर फुटलेले असेल तर ते बदलणे परवडत नाही. काकांनी तारेच्या ब्रशने ते घर आणि लोडरची चौकट जिथे इंजिनाच्या बाजूंना बोल्टने बसते तो भाग घासून काढला, टॉर्च लावली आणि जोडावर कुठे केसासारखी भेग आहे का ते बोटाने चाचपले. नव्याने मारलेला रंग आणि त्याखाली वेल्डिंगचा उंचवटा दिसला असता तर आम्ही परत फिरलो असतो.

शेवटी ट्रॅक्टर उतारावर नेला. डावे-उजवे ब्रेक पेडल खिट्टीने एकत्र जोडले, कारण उतारावर एकच चाक अडले तर ट्रॅक्टर फिरतो. मागे विक्रेत्याकडचीच एक जड पेटी लावली. फोर व्हील घातला, पहिला गिअर, बकेट गुडघ्याइतकी खाली, आणि मी स्वतः तोंड खाली करून उतरले. मध्येच थांबले, पुन्हा निघाले. मग रिव्हर्समध्ये वर गेले आणि चढावर अर्ध्यात क्लच दाबून पुन्हा सोडला. घसरणारा क्लच सपाटीवर लपतो, तिथे लपत नाही. डिझेल टाकीत मुद्दाम थोडेच होते. तोंड खाली असताना टाकीतले डिझेल एका बाजूला जाऊन इंजिनाने हवा ओढली तर ते मध्येच बंद पडते आणि त्याबरोबर पॉवर स्टिअरिंगही जड होते. हा चालत राहिला. मी खाली उतरून मागच्या चाकांच्या खुणा पाहिल्या. गवतावर गोट्यांचे ठसे स्पष्ट, वेगवेगळे उमटले होते. घसरल्याच्या लांब रेघा कुठेच नव्हत्या.

तोच घेतला. पुढच्या आसाची पिन, बुश आणि दोन्ही किंगपिन पहिल्याच महिन्यात बदलून घेतल्या आणि तो खर्च सौदा करतानाच धरला होता. मागची चाके बाहेर काढून अंतर जवळपास २० सेंटिमीटरांनी वाढवले, टायरांत पाणी भरले, आणि जुन्या लोखंडी पिंपात काँक्रीट ओतून वजनपेटी बनवली, तिला थ्री-पॉइंटच्या, म्हणजे अवजार टांगायच्या मागच्या जोडणीच्या, तीन पिना बसवल्या. फ्लेल मोवर लावायचा असेल तेव्हा पेटी उतरवावी लागते आणि त्यात वीस मिनिटे जातात. कंटाळा येतो, पण गवत कापायच्या दिवशी लोडर भरायचा नाही असा नियम केल्यामुळे निभते.

एक दोष मात्र तसाच आहे. याचा हातब्रेक बऱ्याच ट्रॅक्टरांसारखाच मागच्याच चाकांना धरतो, आणि आमच्या १५ अंशांच्या पट्ट्यावर भरलेल्या बकेटसह तो एकटा पुरत नाही. म्हणून तिथे ट्रॅक्टरवरून खाली उतरायचे असेल तर आधी बकेट जमिनीत रुतवते, फोर व्हील आणि पहिला गिअर तसाच ठेवून इंजिन बंद करते, आणि खालच्या बाजूच्या चाकांपुढे लाकडाची दोन पाचरे घालते. ती पाचरे सीटमागच्या पेटीत असतात आणि त्यांना दोरी बांधलेली आहे, कारण सुरुवातीला मी ती गवतातच विसरून येत असे आणि पुढच्या कापणीत त्यातले एक मोवरखाली सापडले.